धोब्याच्या नावातले दख्खन

काही महिन्यांपूर्वी माध्यमिक शिक्षकांच्या एका कार्यशाळेत पक्षीनिरीक्षणावर बोलायला गेलो होतो. वर्गाच्या भिंतीवर एक मोठा तक्ता होता. 'आपल्या परिसरातील पक्षी' असे शीर्षक आणि खाली तीन रकाने : मराठी नाव, शास्त्रीय नाव, शास्त्रीय नावाचा अर्थ. तक्ता हाताने केलेला, अक्षर सुरेख, चित्रेही बरी. शास्त्रीय नावे नुसती पाठ करून घेण्यापेक्षा त्यांचे अर्थ सांगावेत असे कुणाला तरी वाटले, याचे मला कौतुक वाटले. पांढऱ्या धोब्याच्या ओळीत लिहिले होते : मोटासिला आल्बा दुखुनेन्सिस, म्हणजे 'शेपटी हलवणारा, पांढरा, दख्खनचा रहिवासी'.

चहाच्या सुट्टीत एका बाईंनी या ओळीची हकिगत सांगितली. सहामाही परीक्षेत 'स्थलांतर करणाऱ्या दोन पक्ष्यांची नावे लिहा' असा प्रश्न होता. एका मुलाने त्यात धोबी लिहिला. पेपर तपासताना तक्ता आठवला, आणि 'दख्खनचा रहिवासी' असलेला पक्षी स्थलांतरित कसा असेल, म्हणून त्याचा अर्धा गुण कापला गेला. मुलगा नदीकाठच्या वाडीतला. पेपर हातात पडल्यावर तो बाईंना म्हणाला, "बाई, पण उन्हाळ्यात तो आमच्या घाटावर दिसतच नाही."

मुलगा बरोबर होता. हा धोबी आपल्याकडे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो आणि उन्हाळा तापायच्या सुमारास जातो. घरटे बांधतो तो पार उत्तरेला, पश्चिम आणि मध्य सायबेरियाच्या सपाट प्रदेशात. दख्खन हे त्याचे हिवाळी बिऱ्हाड. स्वतःच्या डोळ्यांनी केलेले निरीक्षण एका लॅटिन विशेषणापुढे हरले, ही गोष्ट मला अर्ध्या गुणापेक्षा फार मोठी वाटली. म्हणून त्या रकान्याविषयी, म्हणजे शास्त्रीय नावांचे अर्थ सांगण्याच्या आपल्या पद्धतीविषयी, जरा तपशिलात लिहितो.

धोब्याचे हे तीन शब्दांचे नाव एकेक शब्द सुटा करून पाहण्यासारखे आहे.

पहिला शब्द मोटासिला. हे प्राचीन रोमन लोकांचेच धोब्याचे नाव. भाषाभ्यासक सांगतात की 'हालचाल करणे' या अर्थाच्या लॅटिन धातूला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून हा शब्द बनला. म्हणजे 'चुळबुळ्या' किंवा 'हलत राहणारा छोटा'. पण व्हॅरो या रोमन पंडिताने, हा पक्षी सतत शेपटी हलवतो म्हणून त्याचे हे नाव, असे स्पष्टीकरण देऊन ठेवले. त्यावरून पुढच्या लोकांचा समज झाला की शब्दाच्या पहिल्या भागाचा अर्थ 'हलणे' असेल, तर उरलेल्या 'सिला'चा अर्थ 'शेपटी' असणार. लॅटिनमध्ये शेपटीला 'कॉडा' म्हणतात. 'सिला' असा शेपटीवाचक शब्दच नाही. तरीही या समजातून नवी नावे पडत गेली. पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडाच्या नावात 'आल्बिसिला' आले. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या एका चिमुकल्या माशीमार पक्ष्याला पलास या निसर्गवैज्ञानिकाने १८११ मध्ये तेच विशेषण दिले. अर्थ अभिप्रेत 'पांढऱ्या शेपटीचा'. म्हणजे चुकीच्या फोडीतून जन्मलेला शब्द पक्षीशास्त्रापुरता खरा होऊन बसला. मग तक्त्यातले 'शेपटी हलवणारा' चूक की बरोबर? व्युत्पत्ती म्हणून चूक, पक्ष्याचे वर्णन म्हणून अगदी बरोबर. पक्षी शेपटी हलवतो हे आपल्याला पक्ष्याकडे पाहून कळलेले असते आणि आपण ते नावात वाचतो.

दुसरा शब्द आल्बा, म्हणजे पांढरी. मोटासिला हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. लिनीअसने हे नाव १७५८ मध्ये दिले. त्याविषयी जास्त सांगण्यासारखे नाही. पक्षी पांढराच नव्हे तर काळा आणि राखीही असतो, एवढेच.

खरी गंमत तिसऱ्या शब्दात आहे. तो दिला विल्यम हेन्री सायक्स या मुंबई लष्करातल्या अधिकाऱ्याने. पेशवाई बुडाल्यानंतर काही वर्षांनी, १८२४ मध्ये, मुंबई सरकारने त्याला नव्याने मिळालेल्या मुलखाची आकडेवारी गोळा करण्याचे काम दिले. गावे, जमिनी, पिके, माणसे मोजता मोजता सायक्स पक्षी, प्राणी आणि मासेही गोळा करत असे. विलायतेस परतल्यावर १८३२ मध्ये त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. पन्नासाहून अधिक पक्षी त्याने शास्त्राला नवे म्हणून नोंदवले. त्यांतली बरीच नावे पुढे टिकली नाहीत, पण जी टिकली ती आपल्या रोजच्या पाहण्यातल्या पक्ष्यांची आहेत. आपला धोबी त्यांपैकी एक. सायक्सने त्याला स्वतंत्र जाती मानले होते. आज ती पांढऱ्या धोब्याची उपजाती मानली जाते, म्हणून नाव तीन शब्दांचे.

इंग्रज लोक त्या काळी दख्खन हा शब्द 'दुखुन' असा लिहीत. त्याला 'त्या ठिकाणचा' या अर्थाचा '-एन्सिस' हा लॅटिन प्रत्यय लावला की झाले दुखुनेन्सिस. सायक्सच्या हातात जो नमुना होता तो दख्खनमध्ये मिळालेला होता. सायबेरियातली घरटी त्याने पाहिलेली नव्हती. तेव्हा 'दुखुनेन्सिस' याचा प्रामाणिक अर्थ 'ज्याचा पहिला वर्णित नमुना दख्खनमध्ये मिळाला तो' एवढाच. तक्त्याने त्याचे 'दख्खनचा रहिवासी' केले. सायक्सचे काही चुकले नव्हते, चूक वाचणाऱ्याची.

दख्खनमध्ये बारमाही राहणारा, नदीच्या कडेला घरटे करणारा धोबी आहे. तो थोरला धोबी, भुवई पांढरी, पाठ आणि डोके काळे. त्याचे नाव काय? मोटासिला मदेरास्पाटेन्सिस, म्हणजे 'मद्रासचा'. ग्मेलिनने १७८९ मध्ये हे नाव दिले. दख्खनचा म्हणवणारा सायबेरियात जन्मतो आणि दख्खनमध्ये जन्मणारा मद्रासचा म्हणवतो! हे दोन पक्षी एकाच घाटावर, एकाच थंडीच्या सकाळी, दहा पावलांवर दाखवता येतात. नावे आणि पक्षी यांचे नाते शिकवायला याहून चांगला पाठ मला सुचत नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकी लिखाणात एक वाक्य हमखास येते : 'शास्त्रीय नाव सजीवाच्या वैशिष्ट्यांवरून दिले जाते, त्यामुळे ते अचूक असते.' या वाक्याच्या दोन्ही अर्ध्यांवर माझा आक्षेप आहे. पुष्कळ नावे वैशिष्ट्यांवरून दिलेली नसतात. आणि त्यांची अचूकता अर्थातून येत नाही. एका सजीवाला एकच नाव आणि एका नावाचा एकच सजीव, या करारातून ती येते. प्राण्यांच्या नामकरणाची जी आंतरराष्ट्रीय नियमसंहिता आहे, तिच्या अठराव्या कलमात साफ म्हटले आहे की नाव अनुचित आहे एवढ्या कारणाने ते बाद होत नाही. आधी दिले गेलेले नाव सामान्यतः टिकते, मग त्याचा अर्थ कितीही चुकीचा असो. नियम करणाऱ्यांनी अर्थाला जाणूनबुजून बाहेर ठेवले. दर वेळी अर्थ सुधारायचा म्हणून नाव बदलत बसले, तर शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी आज वाचता येणार नाहीत. घराच्या पत्त्यात 'चिंचेचा वाडा' असेल आणि चिंच कधीच तोडली गेली असेल, तरी पोस्टमन पत्र आणून देतोच.

तोडलेल्या चिंचेची उदाहरणे हवी तितकी आहेत. न्यू गिनीतून युरोपात येणारी नंदनपक्ष्यांची कातडी व्यापारासाठी पाय कापून तयार केलेली असत. त्यावरून या पक्ष्यांना पायच नसतात, ते कायम हवेत तरंगतात अशी दंतकथा पसरली. लिनीअसच्या काळापर्यंत ती खोटी असल्याचे जाणकारांना माहीत झाले होते, तरी १७५८ मध्ये त्याने एका जातीला 'आपोडा', म्हणजे बिनपायाचा, असेच नाव दिले आणि ते आजही चालू आहे. सोनेरा नावाच्या फ्रेंच प्रवाशाने न्यू गिनीचा म्हणून जे पक्षी वर्णन केले, त्यांत ऑस्ट्रेलियाचा हसरा कूकाबरा होता आणि दक्षिण गोलार्धातल्या थंड समुद्रांचा एक पेंग्विनही होता. सोनेरा न्यू गिनीच्या मुख्य भूमीवर पोचलाच नव्हता. पण कूकाबऱ्याच्या नावात 'नोव्हेगिनीए' आणि पेंग्विनच्या नावात 'पापुआ' कायमचे राहिले. आपल्या सुगरणीचे नाव प्लोसिअस फिलिपिनस. पहिला शब्द ग्रीक, अर्थ 'विणणारा', अगदी चपखल. दुसरा लिनीअसचा, १७६६ चा, आणि सपशेल चूक. सुगरण मूळची फिलिपाइन्सची नाहीच.

इथे आपल्याला फार हसण्याचा अधिकार नाही. सुगरण या सुंदर मराठी नावातही चूक आहे. खोपा विणतो तो नर. अर्धवट विणलेला खोपा मादी येऊन तपासते, पसंत पडला तर राहते. बहिणाबाईंच्या कवितेमुळे सुगरण आपल्या मनात आईच्या रूपात इतकी पक्की बसली आहे की वर्गात हे सांगितले की मुले चमकतात. नाव बदलावे असे मला मुळीच वाटत नाही. पण फिलिपिनसला जो न्याय, तोच सुगरणीला.

लिनीअसची माझी सर्वांत आवडती फजिती आपल्या साळुंकीची आहे. तिला त्याने १७६६ मध्ये चक्क नंदनपक्ष्यांच्या कुळात घातले होते आणि नाव दिले होते पॅराडिसीआ ट्रिस्टिस. 'नंदनवनातली उदास'! पुढे चूक लक्षात आली, व्हिएयोने केलेल्या ॲक्रिडोथेरिस या प्रजातीत, म्हणजे 'टोळ पकडणाऱ्यां'त, तिची बदली झाली. 'ट्रिस्टिस' मात्र सोबत गेले. साळुंकीइतकी भांडखोर, बडबडी आणि कशाचेही दुःख न करणारी पाखरे थोडी. उदास होता तो तिचा रंग, तोही मेलेल्या पक्ष्याच्या कातडीवर. शिक्षकांसाठी एक उपयुक्त खूण इथेच सांगतो. शास्त्रीय नावापुढे लेखकाचे नाव आणि साल कंसात असेल, तर त्याने ती जाती मुळात वेगळ्या प्रजातीत ठेवली होती असे समजावे. साळुंकीच्या पुढे 'लिनीअस, १७६६' कंसात येते. त्या दोन कंसांत ही सगळी बदली आहे.

कातडीचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्या बहुतेक पक्ष्यांना शास्त्रीय नावे मिळाली ती युरोपात, पेंढा भरलेल्या नमुन्यांवरून किंवा चित्रांवरून. म्हणून ती नावे रंग, आकार, चोच, शेपूट यांविषयी बोलतात. आवाज आणि सवयी यांविषयी क्वचित. कोकिळेचे उदाहरण घ्या. युडायनॅमिस स्कोलोपेसिअस. पहिल्या शब्दात 'चांगले बळ' असा अर्थ आहे, दुसऱ्याचा अर्थ 'पाणलाव्यासारखा', अंगावरच्या ठिपक्यांमुळे. ते ठिपके मादीचे. नर पूर्ण काळा. आणि ज्या आवाजावर आपल्या कवींनी शेकडो वर्षे काढली, त्याचा नावात मागमूस नाही! नाव देणाऱ्याने तो ऐकलाच नव्हता. याउलट कोकीळ, टिटवी, कावळा ही नावे कानांनी दिलेली आहेत. धोबी हे नाव डोळ्यांनी दिलेले, पण जिवंत पक्षी पाहून : पाण्याकाठी वावरणारा, धुणे आपटल्यासारखी शेपटी खालीवर करणारा. फ्रेंच लोकही त्याला 'धुणेवाली' म्हणतात. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता सारखेच पाहिले. शास्त्रीय नावांतही जिथे जुने लोकांचे नाव उचलले आहे, तिथे आवाज सापडतो. हुदहुदचे 'उपुपा एपॉप्स' मोठ्याने म्हणून पाहा. लॅटिन आणि ग्रीक, दोन्ही नावे त्याच्या हाकेचीच नक्कल आहेत. तो पक्षी युरोपातही राहतो, त्यामुळे त्याला ऐकलेले लोक तिथे होते.

दयाळाच्या बाबतीत मात्र व्युत्पत्ती सांगणारेच घसरले. ॲल्बिन या इंग्रज चित्रकाराने १७३८ मध्ये त्याचे चित्र छापले ते 'डायल बर्ड' या नावाने. हे आपल्या दयाळाचेच इंग्रजी रूप. पण इंग्रजीत डायल म्हणजे घड्याळाची तबकडी. तेव्हा लव्हेयाँ या फ्रेंच पक्षीवैज्ञानिकाने त्याला सूर्यघड्याळाच्या अर्थाचे नाव दिले. लिनीअसच्या 'सॉलॅरिस' या विशेषणाचे मूळही मग काहींनी सूर्याशी, 'सोलॅरिस'शी जोडले. पुढे कलकत्त्याच्या ब्लिथने दाखवले की मद्रासहून बल्कली नावाच्या डॉक्टराने इंग्लंडला पाठवलेल्या नमुन्यासोबतच 'सॉलॅरी' असे देशी नाव गेले होते. सूर्याचा संबंध नाही. त्या देशी नावाचा अर्थ 'शंभर गाणी' असा सांगतात. ही गोष्ट मला फार गोड वाटते, आणि म्हणूनच तिच्याविषयी मी सावध असतो. नमुना आणि त्यासोबतची चिठ्ठी हा पुरावा झाला. 'शंभर गाणी' हा अर्थ त्याच्यावर चढवलेला दुसरा मजला आहे, आणि आधीचे सूर्यघड्याळही असेच कुणाला तरी गोड वाटले होते.

पुन्हा सायक्सकडे वळतो, कारण त्याची यादी म्हणजे आपल्या मुलखाच्या त्या काळाचा एक आरसाच आहे. आपल्या तळ्याकाठच्या वंचकाचे नाव आर्डिओला ग्रेयी, ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांच्यावरून. सह्याद्रीतल्या शिंजिराचे 'व्हिगोर्सी', प्राणिशास्त्र संस्थेचे चिटणीस व्हिगर्स यांच्यावरून. माळावरच्या करड्या मोठ्या सातभाईचे 'माल्कमी', मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्यावरून. दुसरा बाजीराव १८१८ मध्ये ज्याला शरण गेला आणि महाबळेश्वरची माल्कम पेठ ज्याच्या नावाची, तोच हा माल्कम. या नावांमधून वंचकाविषयी, शिंजिराविषयी किंवा सातभाईविषयी अक्षरही कळत नाही. सायक्सला कोणाकोणाचे आभार मानायचे होते ते कळते, आणि कोणाच्या राज्यात हे पक्षी मोजले गेले तेही कळते.

अशा नावांचे काय करावे यावर जगात सध्या वाद चालू आहे. अमेरिकेतल्या पक्षीवैज्ञानिकांच्या संस्थेने २०२३ मध्ये आपल्या अखत्यारीतली व्यक्तिवाचक इंग्रजी नावे बदलायचे ठरवले. शास्त्रीय नावांना त्याने धक्का लागत नाही. प्राण्यांच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय आयोग त्याच वर्षी नैतिक कारणांसाठी शास्त्रीय नावे बदलण्याच्या विरोधात उभा राहिला. वनस्पतिवैज्ञानिकांनी मात्र २०२४ मध्ये माद्रिदच्या अधिवेशनात आफ्रिकी लोकांना शिवीसमान असलेला एक शब्द शेकडो वर्षांच्या वापरानंतर नावांतून काढण्याच्या बाजूने मत दिले. माझे मत विचाराल, तर उघड शिवी असेल ती काढावी, माल्कमला राहू द्यावे. सातभाईच्या नावात माल्कम का, हे विचारणारा विद्यार्थी इतिहासाच्या तासाला जे विचारणार नाही ते विज्ञानाच्या तासाला विचारील.

सायक्सची सगळीच नावे आभाराची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. सह्याद्रीतल्या काळ्या बुलबुलाला त्याने 'गणीसा' म्हटले, हे आपल्या गणेशावरून. पक्ष्यात सोंडेसारखे काही नाही, पण नाव ऐकून वर्ग खूश होतो. डोमकावळ्याचे 'कल्मिनाटस' चोचीच्या उंच कण्यावरून आले. हे मात्र नमुना हातात धरून दिलेले काटेकोर नाव. काही अभ्यासक आज भारतीय डोमकावळ्याला स्वतंत्र जाती मानून हेच नाव वापरतात. नावाचा अर्थ १८३२ पासून तसूभर बदललेला नाही. बदलते आहे ते कावळ्यांमधल्या नात्यांविषयीचे आपले ज्ञान.

त्या कार्यशाळेत दुपारी आम्ही तक्ता खाली उतरवला. 'अर्थ' या रकान्याचे शीर्षक खोडून तिथे 'कोणी, केव्हा, कुठल्या नमुन्यावरून' असे लिहिले आणि शेजारी एक रिकामा रकाना आखला : 'आम्ही काय पाहिले'. पहिली ओळ धोब्याचीच भरली, महिन्यांसकट. सर्व ओळी काही त्या दिवशी भरल्या नाहीत. एका गुरुजींनी कुरकूर केली की यामुळे तक्ता परीक्षेला उपयोगी राहिला नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे. बाईंनी मात्र शाळेत परत गेल्यावर त्या मुलाचा अर्धा गुण दिला, असे त्यांचे कार्ड आले.

एक ओळ आम्हाला अर्धीच सोडावी लागली. हळद्याचे नाव ओरिओलस कुंडू. यातला 'कुंडू' हा शब्द सायक्सने देशी नाव म्हणून घेतला आणि त्याला लॅटिनचा प्रत्ययही लावला नाही. मध्यंतरी हा पक्षी युरोपातल्या हळद्याची उपजाती म्हणून गणला जात होता. आता तो पुन्हा स्वतंत्र जाती मानला जातो, त्यामुळे ते नाव पुस्तकांत परत ठळक झाले आहे. मी स्वतः हळद्याला कुणी कुंडू म्हटलेले ऐकलेले नाही. वाचकांपैकी कुणाच्या गावात, विशेषतः वयस्कर माणसांच्या तोंडी, हा शब्द असेल तर गावाच्या आणि तालुक्याच्या नावासह कळवावे. तो नेमका कोणत्या पक्ष्याला लावतात, तेही पक्षी दाखवून विचारून घ्यावे.